नाणे ग्रेडिंगला पाठवण्यापूर्वी

नाण्याचा खरेपणा तपासणे, त्याच्या अवस्थेला १ ते ७० यांपैकी एक अंक देणे आणि ते पारदर्शक प्लास्टिकच्या मोहोरबंद डबीत, म्हणजे संग्राहक ज्याला ‘स्लॅब’ म्हणतात त्यात, बंद करणे, एवढे काम ग्रेडिंग संस्था करते. ही अंकपद्धती विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या अमेरिकी संस्थांनी ती जगभर रूढ केली. मुंबईतील सामान्य संग्रहातल्या बहुतेक नाण्यांना या खर्चाची गरज नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. गरज कोणाला आहे हे ठरवताना प्रश्न योग्य क्रमाने विचारले, तर पैसे खर्च होण्याआधीच उत्तर मिळते.

पहिला प्रश्न कायद्याचा आहे आणि नेमका तोच सर्वांत शेवटी आठवतो. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. या गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. त्यामुळे शिवराई, कंपनी सरकारचा १८३५ चा वा १८४० चा रुपया, व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया, ही सारी नाणी परदेशी ग्रेडिंगच्या विचारातूनच बाद होतात. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपयाही यातच येतो. राजाच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, आक्षेप आले आणि १९१२ पासून चित्र बदलावे लागले. तो रुपया हौशी संग्राहकांना फार हवा असतो, पण तोही आता शंभरी ओलांडून गेला आहे. एखाद्या संस्थेचा प्रतिनिधी मुंबईत नाणी स्वीकारत असला, तरी नाणे प्रत्यक्षात कोणत्या देशात तपासले जाणार हे त्याला लेखी विचारावे. शंभर वर्षांच्या सीमेजवळचे नाणे असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र आधी मिळवावे.

दुसरा प्रश्न नाणे कधी घासले गेले आहे का, हा आहे. आपल्या घरांतील चांदीचे रुपये लक्ष्मीपूजनाच्या ताटात वर्षानुवर्षे बसलेले असतात आणि त्याआधी ते चिंचेने, रांगोळीने किंवा पितांबरीने लखलखीत केलेले असतात. श्रद्धेच्या दृष्टीने यात काहीच गैर नाही. ग्रेडिंगच्या दृष्टीने मात्र अशा नाण्याला अंक मिळत नाही, ‘डिटेल्स’ असा शेरा आणि त्यासोबत ‘साफ केलेले’ ही नोंद मिळते. माळेत ओवण्यासाठी कडी लावलेल्या आणि नंतर टाका काढून टाकलेल्या रुपयांचेही तेच होते, मग कडेवरची खूण सराफाने कितीही सफाईने मिटवलेली असो. ओळख पटवण्यासाठी नाणे एकाच बल्बखाली हळूहळू तिरपे करत फिरवावे. टांकसाळीतून आलेली मूळ झळाळी असेल, तर प्रकाशाचा पट्टा पृष्ठभागावरून चाकाच्या आऱ्यांसारखा सरकत जातो. घासलेले नाणे सर्वत्र एकसारखे, निर्जीव चमकते आणि दहापट भिंगाखाली त्यावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतात. काळपट किंवा निळसर-सोनेरी छटा चढलेली असल्यास तिला हात लावू नये. ती घालवण्याच्या मोहापायी चांगल्या नाण्यांचे जितके नुकसान झाले आहे, तितके वापरानेही झाले नसावे.

खरेपणाची प्राथमिक तपासणी घरीच होते. ब्रिटिश काळातील रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम असे आणि १९३९ पर्यंत त्यात ९१.७ टक्के चांदी होती. १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आली, वजन मात्र तेच राहिले. म्हणून दुर्मीळ समजल्या जाणाऱ्या १९३९ च्या रुपयाबाबत साध्या वजनकाट्यावर विसंबू नये, विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतील घनता, तपासून घ्यावे. राम-सीता किंवा हनुमान यांचे चित्र आणि १८१८ साल असलेले ‘कंपनीचे’ तांब्याचे आणे कोणत्याही टांकसाळीत पडलेले नाहीत. त्यांच्यावर ग्रेडिंगचा एक रुपयाही घालवू नये. त्यांना लाखोंची किंमत सांगणाऱ्यांपासूनही दूर राहावे. जुनी नाणी विकत घेण्याच्या निमित्ताने रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागितले जाते, असा इशारा खुद्द बँकेने २०२१ मध्येच दिला आहे.

या चाळणीतून जे नाणे उरेल, त्याचा हिशेब मांडावा. समजा, सहाव्या जॉर्जचा एक न वापरलेला रुपया स्लॅबशिवाय ४,००० रुपयांना विकला जातो आणि शुल्क, कुरिअर, विमा मिळून ५,००० रुपये खर्च येणार आहे. (हे आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत.) नाण्याला ६५ अंक मिळाल्यास १५,०००, ६३ मिळाल्यास ६,००० आणि डिटेल्स शेरा आल्यास २,५०० रुपये येतील, असे धरू. पहिली आणि शेवटची शक्यता प्रत्येकी एक चतुर्थांश आणि मधली निम्मी असेल, तर सरासरी विक्री ७,३७५ रुपये होते. खर्च वजा जाता हाती २,३७५ उरतात, म्हणजे नाणे तसेच विकणे बरे. तेच नाणे इतरांच्या नाण्यांबरोबर एकत्र पाठवून खर्च २,००० वर आणता आला, तर ५,३७५ उरतात आणि निर्णय उलटतो. किमती मात्र विक्रेत्यांच्या जाहिरातींतून घेऊ नयेत. लिलावांत प्रत्यक्ष लागलेल्या बोली पाहाव्यात, आणि त्याही त्याच सालाच्या, त्याच टांकसाळीच्या व त्याच अंकाच्या नाण्याच्या. आपल्या नाण्याला मिळू शकणारा अंक स्वतः ठरवताना एक-दोन पायऱ्या खालीच धरावे, कारण मालकाची नजर नेहमी उदार असते.

स्वतंत्र भारताचे स्मारक संच, जे मुंबईच्या टांकसाळीने मूळ वेष्टनात विकलेले असतात, ते सहसा त्या वेष्टनातच ठेवावेत. अपवाद आहेत. ज्या नाण्याच्या बनावट प्रती बाजारात फिरतात, ते परदेशी खरेदीदाराला विकायचे असल्यास किंवा वारसांना नाण्यांची पारख नसल्यास, हिशेब तोट्याचा दिसला तरी स्लॅब उपयोगी पडतो.

पाठवायचे ठरलेच, तर मधल्या काळात नाणे पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये. मुंबईच्या दमट हवेत त्यातून निघणारा हिरवट चिकट थर तांब्याच्या नाण्याला हमखास बाधतो. ते मायलरच्या, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे, कडेनेच धरावे, पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे घ्यावीत आणि निर्यातीची कागदपत्रे पूर्ण करावीत, नाहीतर स्वतःचेच नाणे परत येताना त्यावर सीमाशुल्काचा प्रश्न उभा राहतो.