होबी १६ पाण्यात न्यायची? आधी जमिनीवरच्या या चुका टाळा

होबी १६ म्हणजे शिडाची छोटी बोट. आडव्या दांड्यांनी जोडलेल्या दोन हल, म्हणजे दोन लांबट पोकळ होड्यांसारखे भाग, तिला तरंगवतात. नवी बोट घेतलेला माणूस पहिल्यांदा विचारतो तो उलटण्याबद्दल. बोट उलटली तर काय करायचं ते पुढे सांगतोच. पण होबी १६ची जी मोडतोड मी आजवर पाहिली, त्यातली बहुतेक बोट कोरड्यावर असतानाच झाली. रस्त्यावर, पुळणीवर किंवा डोलकाठी उभी करताना. म्हणून सुरुवात तिथून.

वर न बघता डोलकाठी उभी करणं

याहून मोठी चूक दुसरी नाही. कॅलिफोर्नियाच्या होबी आल्टर यांची ही बोट जेमतेम पाच मीटर लांब, पण डोलकाठी आठ मीटरच्या पुढे आणि अ‍ॅल्युमिनियमची. आपल्या कोकणात समुद्राकडे जाणारा रस्ता वाड्यांमधून जातो आणि वाडीवाडीला विजेची तार असते. माडांच्या झावळ्यांत, सुरूच्या बनात ती नजरेला येत नाही. अमेरिकेत काठी तारेला लागून माणसं दगावली. त्यानंतर १९८०च्या दशकात होबीच्या काठीचा वरचा तुकडा फायबरग्लासचा आला. जुन्या बोटीला तो असेलच असं नाही, आणि काठीला धरून ठेवणाऱ्या तारा तर पोलादीच असतात.

काठीला हात लावण्याआधी बोटीपासून पाण्यापर्यंत मान वर करून एकदा चालून या. काठी कुठल्याही बाजूला कोसळली तरी विजेच्या तारेपर्यंत पोहोचणार नाही, अशी जागा निवडा. काठी उभी असताना बोट ढकलत रस्ता ओलांडायचा नाही, अगदी दहा पावलंसुद्धा.

पिनांवर भरवसा

गेल्या डिसेंबरात मी काठी खांद्यावर घेऊन ट्रॅम्पोलिनवर, म्हणजे दोन हलांमध्ये ताणलेल्या कापडावर, उभा होतो, मेहुणे पुढून दोर ओढत होते. काठी अर्ध्यावर आली आणि डावीकडे नजर गेली. तार हलला जोडणारी पिन निम्मी बाहेर आली होती. तिला अडवून ठेवणारी शर्टाच्या बटणाएवढी कडी वाटेत कुठेतरी गळाली होती. आम्ही काठी हळूहळू परत खाली घेतली. ती पूर्ण उभी राहिली असती आणि मग पिन सुटली असती, तर खाली मेहुणेच होते. तेव्हापासून प्रत्येक कडीवर चिकटपट्टीचे दोन वेढे असतात आणि काठी उचलण्याआधी सगळ्या पिना मी बोटाने चाचपतो. एक जुनं फडकं तारांवरून, विशेषतः टोकांपाशी, फिरवून बघा. धागा अडकला तर आतली बारीक तार तुटलेली आहे. ती तार बदला. तिच्यावर अजून एक हंगाम काढू नका.

ट्रेलर खाऱ्या पाण्यात उतरवणं

लांब प्रवासाने चाकाचं हब तापतं. तसंच ते समुद्रात बुडवलं की आतली हवा आकसते, सीलमधून खारं पाणी आत खेचलं जातं, ग्रीस खराब होतं आणि पुढच्या खेपेला बेअरिंग घाटात दगा देतं. होबीला याची गरजच नाही. बोट जेमतेम १४५ किलोची. ट्रेलर वर कोरड्यावर ठेवा आणि रुंद फुग्याच्या चाकांच्या हातगाड्यावरून बोट पाण्यात न्या. प्रवासात चहाला थांबलात की हबला हाताची मागची बाजू लावा. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका.

काठी ट्रेलरवर दोन्ही टोकांना बाहेर येते. मागच्या टोकाला दिवसा लाल फडकं, रात्री लाल दिवा हवाच. मुंबई-गोवा महामार्गावरच्या गतिरोधकांवर काठी उसळते, तेव्हा तिला मधेही आधार द्या. पट्टे आडव्या दांड्यांवरून घ्या. हलवरून करकचून आवळले तर हल चेपते. पट्टा वाऱ्याने भणभणत असेल तर त्याला एक पीळ द्या, थांबतो. पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळा.

सकाळचं शांत पाणी बघून फसणं

हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो. किनाऱ्याशी पाणी तळ्यासारखं सपाट दिसतं, कारण आपण माडांच्या आडोशाला असतो. अर्धा मैल आत गेलात की वारा अंगावर येतो आणि तो तुम्हाला बाहेरच ढकलतो. नव्या माणसाने दुपारच्या खाऱ्या वाऱ्याची वाट बघावी. तो निदान घरी तरी आणतो.

शीड चढवताना बोटीचं नाक वाऱ्याकडे आणि मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाचा दोर, मोकळी हवी. शीट अडकलेली असेल तर बोट पुळणीवरच उलटते. सुकाणू वर उचललेली ठेवा, पाणी कमरेएवढं झालं की खाली सोडा. परत येताना ती उचलायला विसरलात तर सुकाणूचा सांधा वाळूवर आपटून मोडतो. हातगाडा उधाणाच्या भरतीच्या रेषेच्या वर ठेवा. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं.

उलटल्यावर

बोट सोडायची नाही. दोन्ही शिडांचे दोर मोकळे करा, नाक वाऱ्याकडे वळू द्या, वरच्या हलवरून दोर टाकून दोघांनी मागे झुका. एकट्या सडपातळ माणसाच्या वजनाने ती सहसा उठत नाही, म्हणून पहिले दिवस जोडीनेच जा. खाडीत, उथळ चिखलात काठी रुतते. तिथे जोर लावला तर ती वाकते.

एक हल खाली बसते आहे

आधी हलमधलं पाणी काढायच्या भोकांची बुचं बघा. दहापैकी नऊ वेळा तीच विसरलेली असतात किंवा त्यांचा रबर मेलेला असतो. ती ठीक असतील तर सांध्यांवर आणि स्क्रूंवर साबणाचं पाणी फासा आणि बुचाच्या भोकातून तोंडाने हवा भरा. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. कॉम्प्रेसर लावू नका, सांधा उकलतो.

हल जुनी असेल तर माठ घेताना वाजवतो तशी नाण्याने वाजवून बघा, खास करून पुढच्या दांडीच्या आसपास. टणक आवाज आला तर ठीक. आवाज बद्द येत असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर जागा दबत असेल, तर आतला फोम फायबरग्लासपासून सुटला आहे. अशी बोट कितीही स्वस्त मिळाली तरी मी घेणार नाही.

पावसाळ्यात

प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुणं सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्यावर लिहीत नाही. मे अखेरीस काठी उतरवा, शिडं घरात न्या, ट्रॅम्पोलिन झाका. उन्हाने त्याची शिवण आधी कुजते. हल दोन जागी गाद्यांवर टेका आणि बोट जमिनीला खुंट्या ठोकून बांधा. रिकामी होबी जुलैच्या वाऱ्यात सहज उडते. जागा माडापासून लांब शोधा, कारण वरून पडलेला एक नारळ हल फोडायला पुरतो. बुचं काढलेलीच राहू द्यात, म्हणजे आतली हवा खेळती राहते. मी ती दोरीत ओवून सुकाणूच्या दांड्याला बांधतो, सप्टेंबरात पहिला हात तिथेच जातो.