१९५०-६०च्या दशकातला जुना कोट घेताय? आधी आतून बघा

अमेरिकेत थ्रिफ्ट स्टोअरमध्ये (वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात) १९५०-६०च्या दशकातले बायकांचे वुलन कोट अजूनही सापडतात, पण कोट हातात आला की आधी रंगावर भाळू नका, उलटा करा आणि लेबलं शोधा. आयएलजीडब्ल्यूयू असं, म्हणजे बायकांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या युनियनचं, लेबल असेल आणि त्यात एएफएल-सीआयओ पण लिहिलेलं असेल तर तो १९५५ नंतरचा, कारण एएफएल आणि सीआयओ या दोन मोठ्या कामगार संघटना त्याच वर्षी एकत्र आल्या. धुण्याच्या सूचनांचं लेबल तिकडे १९७२ पासून सक्तीचं झालं, ते नसेल तर कोट जुना असल्याची चांगली खूण (अर्थात कुणी कापून टाकलं नसेल तर!).

मग कोट उजेडासमोर धरा. बारीक भोकं दिसली की समजायचं कसर लागलीये. एखादं भोक रफू होतं, पण काखेतलं अस्तर विरलं असेल तर शिलाईचा खर्च कोटापेक्षा जास्त, सोडून द्या. साइजच्या आकड्यावर तर अजिबात जाऊ नका हं, तेव्हाचा १४ आजच्या १४ पेक्षा बराच लहान, म्हणून टेप घेऊनच जा आणि खांदे नक्की मोजा.

घरी आणल्यावर पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये, म्हणजे कसर मरते, मगच कपाटात. मी एकदा आळस केला आणि कपाटात कोटाशेजारी ठेवलेली शाल कसरीने खाल्ली.

बाह्या मनगटाच्या वरच संपल्या तर आखूड झाला समजू नका, तेव्हा खाली लांब हातमोजे घालायचे. मी जीन्सवरच घालते, मस्त दिसतो.