तेजीच्या दिवसांत मुलांना शेअर बाजार कसा शिकवावा

शेअर म्हणजे काय, डीमॅट खातं कशाला लागतं, निर्देशांक कसा ठरतो, हे दोन तासांत उरका. पुण्यातल्या मुलांना उदाहरण म्हणून आकुर्डीची बजाज ऑटो नाहीतर मुंढव्याची भारत फोर्ज द्या. वर्गात कुणाचा तरी काका तिथे असतोच. वार्षिक अहवाल फुकट मिळतो, त्यातलं नफा-तोटा पत्रक वाचायला लावा.

महिनाभराची आभासी ट्रेडिंग स्पर्धा मात्र अजिबात घेऊ नका. बाजार चढा असला की सगळे पैसे एकाच शेअरवर लावणारा पहिला येतो आणि आपण त्याला वर बक्षीसही देतो!

खरी गोची पुढे आहे. ज्या पोरांनी मोठी पडझड पाहिलीच नाही, त्यांना ती समजवायची कशी? 2008 च्या पडझडीचा आलेख फळ्यावर काढून भागत नाही. शेवट डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे जो तो ‘सर, मी तर तळाला घेतले असते’ म्हणून मोकळा होतो. यावर मी बरीच डोकेफोड केली. जमलं ते आलेख लपवून.

बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावरून सेन्सेक्स या तिथल्या मुख्य निर्देशांकाचे डिसेंबर 2007 पासूनचे महिनाअखेरचे आकडे घ्या. पहिल्याला 100 धरून बाकीचे त्या प्रमाणात काढा. सालं सांगू नका, साल कळलं की खेळ खलास. प्रत्येकाचे कागदावरचे दहा हजार रुपये बाजारात आहेत असं धरा. महिन्याचा आकडा फळ्यावर लिहिला की मुलांनी ‘घेतो’, ‘विकतो’ की ‘थांबतो’ ते कारणासह वहीत लिहायचं, मगच पुढचा आकडा. पेननेच लिहायचं, पेन्सिल दिली की खाडाखोड सुरू.

आकडे असे येतात: 100, 87, 87, 77, मग 85. या 85 ला वर्गात जोर येतो, ‘संपली मंदी’ म्हणत निम्मे जण खरेदी करतात. दोन महिन्यांनी 66. ऑक्टोबरला 48. इथे घाई करू नका, धीरही देऊ नका. वर्ग गप्प होतो तो होऊ द्या. फेब्रुवारी 2009 च्या 44 ला बरेच जण कंटाळून विकतात, आणि मे महिन्यात तोच आकडा 72 होतो.

आता सालं सांगा आणि वह्या वाचायला लावा. 44 चे परत 100 व्हायला 127 टक्के वाढ लागते, हे गणित मुलांकडूनच करून घ्या. महिनाअखेरच्या आकड्यांत 100 पुन्हा ओलांडायला डिसेंबर 2010 उजाडला. तीन वर्षं. बँकेतली एफडी आणि एसआयपी (म्युच्युअल फंडात ठरावीक काळाने ठरावीक रक्कम भरणं) यांची तुलना यानंतर करा, आधी केलीत तर कुणी ऐकत नाही.

फ्युचर-ऑप्शनचा, म्हणजे शेअरच्या किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावर केलेल्या करारांचा, विषय कुणीतरी काढणारच. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या 2024 च्या अहवालानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. आकडा फळ्यावर लिहा आणि पुढच्या धड्याकडे वळा.