सिनेमावर लिहायचंय म्हणणाऱ्यांसाठी, माझ्या अकरा वर्षांतून

महिन्यातून दोन-तीन जण तरी विचारतात, ताई मलापण सिनेमाची परीक्षणं लिहायची आहेत, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात उत्तर देण्यापेक्षा एकदाच बसून सगळं लिहिते.

मी मूळची सोलापूरची. बीकॉम झालं, पुण्यात आले आणि एका पेपरच्या पुरवणीत मुद्रितशोधनाला लागले. २०१५ मध्ये एका गुरुवारी रात्री नेहमीचे परीक्षण लिहिणारे सर तापाने आडवे झाले, संपादक म्हणाले तू सिनेमे बघतेस ना, उद्या सकाळचा शो बघ आणि चारपर्यंत साडेतीनशे शब्द दे. झालं, एवढीच माझी एंट्री. मानधन ४०० रुपये, तेही तीन महिन्यांनी आले. पण नाव छापून आलं होतं, आईने सोलापुरात पेपरच्या सहा प्रती घेतल्या.

आता चूक सांगते, कारण मी जे काही शिकले ते तिथून शिकले. दुसऱ्याच वर्षी एक मराठी सिनेमा आला होता, नाव सांगत नाही. वाईट होता. मध्यंतरानंतर गोष्टीला काही दिशाच नव्हती, विनोद दहा वर्षं जुने, आणि हिरोईनला रडण्यापलीकडे काम नव्हतं. पण मी बाहेर पडले तेव्हा निर्माते दारात उभे होते, हात जोडून म्हणाले की मॅडम घर गहाण ठेवलंय, मराठी सिनेमा आहे, सांभाळून घ्या. मी सांभाळून घेतलं. ‘प्रयत्न प्रामाणिक’, ‘सहकुटुंब पाहण्याजोगा’, साडेतीन स्टार. शनिवारी आमच्या सोसायटीतल्या काकू, काका, सून आणि नातू असे चौघं जाऊन आले. तिकिटं, रिक्षा, पॉपकॉर्न. रविवारी काकू जिन्यात भेटल्या, रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “तू लिहिलं होतंस म्हणून गेलो गं.” मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. निर्मात्याचं घर मी वाचवू शकत नव्हतेच, पण काकूंचा विश्वास मात्र मी स्वतःच्या हाताने घालवला.

तेव्हापासून ‘मराठी आहे म्हणून सांभाळून घ्या’ हे वाक्य मला सहन होत नाही. ज्या भाषेत एकाच शुक्रवारी, १२ सप्टेंबर २०२५ ला, दशावतार, आरपार आणि बिन लग्नाची गोष्ट असे तीन सिनेमे एकमेकांसमोर येतात आणि पुढच्याच शुक्रवारी साबर बोंडं येतो, त्या भाषेला दया नको, नीट बघणारी माणसं हवीत. दया दाखवली की चांगला सिनेमा आणि वाईट सिनेमा दोघांनाही तेच ‘प्रयत्न प्रामाणिक’ मिळतं, आणि मग जो खरंच चांगला आहे त्याच्यासाठी आपल्याकडे शब्दच उरत नाहीत.

मग नीट बघायचं म्हणजे काय करायचं? नवीन मुलं मला जे लिहून पाठवतात त्यात दहापैकी आठ जणांचं परीक्षण म्हणजे अर्ध्या पानाची गोष्ट आणि खाली ‘अभिनय उत्तम, छायाचित्रण सुंदर, संगीत श्रवणीय, उत्तरार्ध जरा लांबलाय’. हे सिनेमा न बघतासुद्धा लिहिता येतं. मी त्यांना एकच सांगते, मत नंतर, आधी तुला काय दिसलं आणि काय ऐकू आलं ते सांग.

उदाहरण घेऊ. स्थळ हा जयंत सोमलकर यांचा सिनेमा आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये थिएटरला लागला, त्याआधी २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात नेटपॅकचा, म्हणजे आशियाई सिनेमासाठी दिला जाणारा पुरस्कार घेऊन आला होता. चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, कापूस पिकवणारा बाप, समाजशास्त्र शिकणारी सविता आणि तिला बघायला येणारी माणसं. नट बहुतेक गावातलेच, पूर्वी कॅमेऱ्यासमोर न आलेले. आता यावर ‘समाजाचं विदारक वास्तव मांडणारा सिनेमा’ असं लिहिलं की काम संपलं असं वाटतं, पण त्यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. मी दुसऱ्यांदा बघायला गेले तेव्हा फक्त बघण्याचा कार्यक्रम मोजत बसले. तोच पदर, तेच पोहे, पुरुषांची तीच रांग, नाव काय, शिक्षण किती, उंची किती, शेतातलं काम जमतं का. प्रश्नांचा क्रमसुद्धा तोच. पहिल्यांदा थिएटरात लोक हसतात, दुसऱ्यांदा कमी हसतात, आणि नंतर कुणी हसत नाही. पडद्यावर फार काही बदललेलं नसतं, बदललेले आपण असतो. दिग्दर्शकाने मुलीच्या तोंडी एकही भाषण न घालता निव्वळ त्याच प्रसंगाच्या पुनरावृत्तीतून तिचा अपमान आपल्या अंगावर आणलाय. आणि सुरुवातीलाच हे सगळं उलटं करून दाखवलंय, बायकांची रांग आणि मधे बसलेला मुलगा, त्यामुळे पुढचा प्रत्येक कार्यक्रम बघताना ते आपल्या डोक्यात राहतं. हे लिहा. हे वाचून माणूस ठरवू शकतो की मला बघायचाय का.

इथे एक कबुली. मलासुद्धा सात-आठ वेळा बघायला आले होते, उंचीवरून नकार आलेत, त्यामुळे हा सिनेमा मला लागणारच होता. परीक्षण लिहिताना मी आधी वहीच्या एका पानावर माझं सगळं लिहून काढलं, राग, कोण काय म्हणालं होतं ते, सगळं. मग ते पान उलटलं आणि सिनेमाबद्दल लिहायला घेतलं. आपला अनुभव आपल्याला नीट बघायला मदत करतो, पण तो सिनेमाच्या वतीने मार्क देऊ शकत नाही. फक्त माझं दुःख दाखवलं म्हणून सिनेमा चांगला ठरत नाही, ते कसं दाखवलं यावर ठरतो.

आवाजाचंही तसंच आहे, आणि नवीन लोक आवाजाबद्दल जवळजवळ लिहितच नाहीत. गाणी आवडली की नाही एवढंच. आता थांबायचं नाय हा मे २०२५ मध्ये आलेला सिनेमा, मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणीचे कामगार दहावीला बसतात ती गोष्ट. मी रडले, शेजारचे रडले, सगळे रडले. बाहेर आल्यावर स्वतःला विचारलं की नेमकी कुठे रडले, तर जिथे नट गप्प होता तिथे जास्त, आणि जिथे पार्श्वसंगीताने आधीच उमाळा काढला होता तिथे कमी. म्हणजे सिनेमाला आपल्याच नटांवर काही जागी भरवसा कमी पडला, असं माझं मत, आणि मी ते लिहिलं, सिनेमा आवडला असूनही लिहिलं. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला रोहन कानवडे यांचा साबर बोंडं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमाच्या विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालेला. वडील गेल्यावर आनंद दहा दिवसांच्या विधींसाठी गावी जातो, तिथे लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो, आणि दोघांमधलं नातं हळूहळू उलगडतं. पार्श्वसंगीत नाहीच. कॅमेरा बराचसा एका जागी. त्यामुळे दोन माणसं शेजारी बसलीत आणि बोलत नाहीत एवढंसुद्धा तिथे घटना होऊन जातं. काही जणांना तो संथ वाटला आणि ते मत मी खोडून काढणार नाही, पण संथ म्हणताना तो संथ का आहे हे बघितलं पाहिजे, सुतकाच्या घरात दिवस तसेच जातात.

दशावतारबद्दल मी जरा लोकांच्या विरोधात गेले, त्यावरून शिव्याही खाल्ल्या. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर, त्यांनी उभा केलेला, दशावतारात म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात सोंगं घेणारा, नजर अधू होत चाललेला बाबुली मेस्त्री, रंग लावलेला चेहरा, कोकणातली रात्र, पूर्वार्धातलं बाप-लेकाचं नातं, हे मी कितीही वेळा बघेन. पण पुढे सिनेमा दुसऱ्याच वाटेला लागतो आणि जंगल-जमीन वाचवण्याची जी गोष्ट त्या माणसाच्या शरीरातून, त्याच्या सोंगांतून आधीच पोचली होती ती संवादांतून पुन्हा मोठ्याने सांगितली जाते. लोकांनी सिनेमा डोक्यावर घेतला, त्याचा मला आनंदच आहे, मराठी थिएटरं भरली. पण गर्दी झाली म्हणून शनिवारी मत बदलायचं नाही आणि गर्दी झाली म्हणून मुद्दाम नाकही मुरडायचं नाही. दोन्ही मोह होतात.

आता कामाच्या गोष्टी. वही छोटी, पानं कोरी, रेघांची नको. अंधारात डाव्या हाताचा अंगठा ओळीच्या सुरुवातीला ठेवायचा, ओळ झाली की अंगठा दोन बोटं खाली सरकवायचा, अक्षर मोठं काढायचं. नाहीतर बाहेर येऊन बघाल तर एकावर एक चार ओळी. मोबाईलवर टिपणं घेऊ नका, मागच्याच्या डोळ्यात उजेड जातो. आणि पडद्याचा फोटो किंवा व्हिडिओ तर चुकूनसुद्धा काढू नका, स्टोरीला टाकायला म्हणूनही नाही. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यात चोरून चित्रीकरणाला तीन महिने ते तीन वर्षं कैद आहे आणि दंड किमान तीन लाखांपासून सुरू होतो. ट्रेलरमधले किंवा सिनेमातले छोटे तुकडे व्हिडिओ परीक्षणात वापरायचे असतील तर कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात समीक्षेसाठीच्या वाजवी वापराला जागा दिलेली आहे, तरी यूट्यूबसारख्या प्लॅटफॉर्मवर क्लेम, म्हणजे मालकी हक्काचा दावा येऊ शकतो, तेव्हा आपला आवाज जास्त आणि क्लिप कमी हे सूत्र ठेवा.

प्रेस शो, म्हणजे पत्रकारांना आधी दाखवतात ते खेळ, बहुतेक मुंबईत होतात, आणि तुम्ही लातूर-जळगाव-कोल्हापुरात असाल तर विसरा. काही बिघडत नाही. शुक्रवारी सकाळचा पहिला शो स्वतःच्या तिकिटावर बघा, माझं तर म्हणणं आहे की तेच चांगलं, प्रेस शोला टाळ्या वाजवणारे निम्मे लोक सिनेमाचे नातेवाईक असतात. पीआरवाल्यांशी, म्हणजे सिनेमाची प्रसिद्धी सांभाळणाऱ्यांशी, गोड वागा, पण स्टार वाढवून मागितले तर नाही म्हणा. मागतात, आणि कधी सरळ पॅकेजचं, म्हणजे पैसे घेऊन चांगलं लिहिण्याचं विचारतात. माझ्याकडे असा फोन आला तेव्हा खोलीभाडं थकलं होतं, नाही म्हणायला अर्धा मिनिट लागला हे खरं सांगते. एकदा घेतलेत की पुढच्या प्रत्येक चांगल्या परीक्षणावर लोक संशय घेतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

पैसे: नुसत्या परीक्षणांवर घर चालत नाही, हे आत्ताच ऐकून ठेवा. मी अजून भाषांतर करते, सबटायटल करते. सबटायटलचं काम तर परीक्षकाने करावंच, संवाद किती कमी शब्दांत बसतो ते हाताला कळतं.

शिक्षणाचं म्हणाल तर पुण्यात लॉ कॉलेज रोडला एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळून उन्हाळ्यात फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा कोर्स घेत आले आहेत, सिनेमा कसा बघायचा ते शिकवणारा, तिथले प्राध्यापक सतीश बहादूर यांनी रुजवलेला. मी नोकरीतून बिनपगारी रजा काढून केला. सकाळी वर्ग, संध्याकाळी सिनेमा, रात्री चहाच्या टपरीवर भांडणं. तो जमला नाही तर फिल्म सोसायटी, म्हणजे सभासदांना निवडक सिनेमे दाखवणारं मंडळ शोधा, मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे, पुण्यात आशय फिल्म क्लब आहे. महोत्सवही बघा, जानेवारीच्या आसपास पुण्याचा पिफ, नोव्हेंबरात गोव्याचा इफ्फी. आणि वाचा. अरुण खोपकरांचं गुरुदत्तवरचं पुस्तक मराठीत आहे, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेलं आहे, त्यात एका शॉटवर माणूस किती वेळ थांबू शकतो ते बघा. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेन्सिलने इतक्या रेघा मारल्या की पुस्तक परत देता येईना, मित्राला नवीन घेऊन दिलं.

सुरुवात करताना कुणाची वाट बघू नका. पाच सिनेमे निवडा, त्यातला एक तरी तुम्हाला न आवडलेला असू द्या, प्रत्येकावर चारशे शब्द लिहा, गोष्ट चार ओळींच्या वर नको, शेवट अजिबात फोडायचा नाही. मग ते संपादकाला पाठवा, पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा, उत्तर आलं नाही तर दुसरीकडे.

त्या काकू अजून आमच्याच सोसायटीत आहेत. त्या रविवारनंतर दोन वर्षं त्यांनी मला सिनेमाचं काही विचारलं नव्हतं. आता गुरुवारी फोन येतो, या आठवड्यात काय आहे गं. मी जा किंवा नको असं सांगत नाही, त्यात काय आहे ते सांगते आणि त्या ठरवतात. साबर बोंडंचंही तसंच सांगितलं होतं, दोन मुलग्यांचं प्रेम आहे, दहा दिवसांचा शोक आहे, संगीत नाही, घाई नाही. मला वाटलं नाही जाणार. एकट्याच गेल्या, दुपारच्या शोला, हॉलमध्ये नऊ जण होते म्हणे. संध्याकाळी जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, “मधेच एक पंख्याचा आवाज यायला लागला, तो पिक्चरमधला की आपल्या हॉलमधला तेच मला कळेना, मी वरती बघितलं.” मी तो सिनेमा दोनदा बघितलाय, मला तो पंखा ऐकूच आला नव्हता. तिसऱ्यांदा जायला हवं.