पुण्याजवळच्या जत्रांचा हंगाम कसा आखावा

कार्तिकात आळंदीला सुरू होणारा पुणे परिसरातला जत्रांचा हंगाम थेट वैशाखापर्यंत चालतो. सुगी आटोपलेली असते, पावसाची धास्ती नसते, म्हणून गावोगावच्या पालख्या याच दिवसांत निघतात. सगळीकडे जाणं कुणालाच जमत नाही. चार-पाच जत्रा निवडा, पण त्या मन लावून पाहा.

सर्वांत आधी पंचांग, आणि तेही मराठी. जत्रा तिथीवर ठरते. तारीख दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे येते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. मोबाईलवरच्या काही पंचांगांत उत्तरेकडचा, पौर्णिमेला संपणारा महिना असतो. आपल्या कार्तिक वद्याला तिथे मार्गशीर्ष कृष्ण म्हणतात. माउलींचा संजीवन समाधी सोहळा कार्तिक वद्य त्रयोदशीला असतो. त्या पंचांगात 'कार्तिक कृष्ण त्रयोदशी' शोधून निघालात, तर महिनाभर आधी, ऐन धनत्रयोदशीला आळंदीत पोचाल.

मग तिथ्या मांडा. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला जेजुरी, माघ पौर्णिमेपासून वीर गावच्या म्हस्कोबाची यात्रा, फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत तुकाराम बीज. तीनच दिवसांनी रंगपंचमीला बावधनचं बगाड, म्हणजे नवसाच्या माणसाला उंच लाकडाला बांधून बैलांनी ओढत न्यायचा गाडा. हे बावधन वाईजवळचं, पुण्यातलं नव्हे. चैत्र शुद्ध सप्तमीला कार्ल्याच्या एकवीरेची पालखी. पौष पौर्णिमेला मांढरदेवी काळूबाईची मोठी यात्रा असते, पण 2005 मध्ये तिथल्या चेंगराचेंगरीत अडीचशेहून जास्त माणसं गेली. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर तिथे गर्दी ओसरल्यावरच जा.

निघण्याआधी आठवडाभर त्या गावातल्या कुणाला तरी फोन करा. छबिना, म्हणजे पालखीची रात्रीची मिरवणूक, किती वाजता, आखाडा कुठे, एवढं विचारलं तरी पुरे. छोट्या गावची जत्रा बहुधा दोन दिवसांची: पहिल्या रात्री छबिना, दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्या. शहरातले लोक दुसऱ्या दिवशी उन्हात येतात, दर्शनाच्या रांगेत उभे राहतात आणि परत जातात. माझं ऐका, रात्री जा. हलगीच्या तालावर पालखी गल्लीगल्लीतून फिरते, दारोदारी बायका आरतीचं ताट घेऊन थांबलेल्या असतात. जत्रा म्हणजे काय, ते तेव्हा कळतं.

गाडी शक्यतो घरीच ठेवा. जेजुरी पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहे, कार्ल्यासाठी लोकलने मळवलीला उतरता येतं, आळंदी-देहूला पीएमपीची बस आहे. गाडी नेलीच तर ती गावाबाहेर लावून चालायची तयारी ठेवा.

जेजुरीला जाताना मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घाला. 'येळकोट येळकोट जय मल्हार'च्या गजरात भंडाऱ्याची मूठ कुठून येईल सांगता येत नाही, डोळे जपा. पायऱ्यांवर भंडाऱ्याचा थर बसतो आणि पाय घसरतो. उतरताना कडेनं, लहानग्याचा हात धरून उतरा. जुना पांढरा सदरा घाला. घरी आल्यावर साबण लावलात की हळदीचे डाग लालभडक होतात, पण घाबरू नका. नीट खळबळून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळत घातला की पिवळेपणा बराच उतरतो. जो उरेल तो राहू द्या. पुढच्या चंपाषष्ठीला तोच सदरा घालायचा आहे.