सोडियम १२६ आला म्हणून सलाईन लावू नका

मेडिसिनच्या पोस्टिंगला आलेल्या इंटर्नला आकडे पाठ असतात: ७० किलोच्या पुरुषात ४२ लिटर पाणी, २८ पेशींच्या आत, १४ बाहेर. तरी रिपोर्टवर रक्तातला सोडियम कमी, १२६ दिसला की हात आपसूक एनएसच्या (नॉर्मल सलाईन, मिठाचं पाणी) बाटलीकडे जातो. फसगत होते ती इथेच.

हा आकडा पाण्याच्या मानाने मीठ किती एवढंच सांगतो. अंगात एकूण मीठ किती, ते सांगत नाही. आणि पेशींबाहेरच्या पाण्याचा व्हॉल्यूम ठरतो एकूण मिठावर. जुलाबात मीठ गमावून वर नुसतं पाणी पीत राहिलेल्याचा सोडियम १२६ येतो, पाय सुजलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटचाही १२६च येतो. पहिल्याचं मीठ गेलंय, त्याला एनएस हवं. दुसऱ्याच्या अंगात मीठ जास्तच आहे, फक्त पाणी त्याहूनही जास्त. त्याला तीच बाटली लावलीत तर रात्री धाप, छातीत क्रेप्स (पाणी साठल्याचा चरचर आवाज) आणि लॅसिक्ससाठी (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) पळापळ. पेशंट न बघता फोनवर ‘एनएस चालू कर’ म्हणणाऱ्या सीनियरला आधी पायांची सूज सांगा. चिडला तर चिडू दे. झटके येत असतील किंवा शुद्ध हरपत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ३ टक्के सलाईन लागतं, सीनियरला ताबडतोब बोलवा.

एरवी आधी पलंगापाशी जा. झोपवून बीपी आणि नाडी घ्या, उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. सिस्टोलिक २० ने उतरलं किंवा नाडी ३० ने चढली, तर व्हॉल्यूम कमी असण्याची शक्यता मोठी. जुन्या मधुमेहात बीपी उतरतं पण नाडी हलत नाही, तेव्हा दोष मज्जातंतूंचा असू शकतो. पडून असलेल्या पेशंटची सूज घोट्याला नाही, कमरेखाली सॅक्रमवर शोधा. म्हाताऱ्यांची कातडी चिमटीत धरून बघणं सोडून द्या, त्यातून काही कळत नाही. जेव्हीपी (मानेच्या शिरेतला दाब) सुरुवातीला कुणालाच दिसत नाही, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

इंटेक-आउटपुट चार्टपेक्षा वजनकाटा बरा. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, त्याच काट्यावर. रातोरात १ किलो वाढलं म्हणजे साधारण १ लिटर पाणी साठलं.

व्हॉल्यूम भरायला ५ टक्के डेक्स्ट्रोज कधीच नको. त्याच्या एका लिटरमधलं जेमतेम ८० मिली रक्तवाहिन्यांत टिकतं, एनएसचं पाव लिटरच्या आसपास.

जुलाबवाल्याला योग्य बाटली लावली तरी निर्धास्त होऊ नका. व्हॉल्यूम भरला की एडीएच (लघवीत पाणी जाऊ न देणारं हार्मोन) बंद होतं, पातळ लघवी भराभर सुटते आणि सोडियम झपाट्याने चढतो. २४ तासांत ८ अंकांहून जास्त चढू देऊ नका, मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दर ४ ते ६ तासांनी सोडियम पाठवा. युरोबॅग (लघवीची पिशवी) अचानक तासाला १०० मिलीच्या वर भरू लागली तर पहाटेचे तीन वाजले असले तरी रेसिडेंटला उठवा.