हॉरर गेम खेळायचाय, पण झेपेल का?

मी हौशी नाटकांना ध्वनिसंकेत देते. रंगमंचावर दार करकरतं तेव्हा विंगेत लॅपटॉपपुढे बसून ते दार मी वाजवत असते. प्रेक्षकाला कधी दचकवायचं, त्याआधी किती वेळ शांतता ठेवायची, हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे हॉरर गेम म्हणजे मला डाव्या हातचा मळ असणार, अशी ओळखीच्या सगळ्यांची समजूत आहे. तसं काही नाही. मी चांगलीच टरकते. पण नेमकं कशाला टरकते ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि हे गेम मजेत खेळायला तेवढं पुरतं.

“मला हॉरर झेपत नाही,” असं कुणी म्हणालं की मी विचारते, त्यातलं काय झेपत नाही? बहुतेकांनी हा विचारच केलेला नसतो. सुरुवात तिथूनच करा.

एक प्रकार आहे दचकण्याचा. ‘फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज’ (२०१४) हा त्याचा नमुना. तुम्ही रात्रपाळीचे वॉचमन. खुर्चीतून हलायचं नाही, कॅमेरे बघत राहायचं, दारं बंद करायची आणि वीज पुरवून पुरवून वापरायची. गेममध्ये तुम्ही जवळजवळ काहीच करत नाही, फक्त वाट बघता. ज्यांना फुगा फुटायच्या आधीच कानात बोटं घालायची सवय आहे, त्यांच्यासाठी हा छळ आहे. उलट ज्यांना दचकून झाल्यावर खो खो हसू येतं, त्यांनी खुशाल इथूनच सुरुवात करावी.

दुसरा प्रकार पाठलागाचा. यातही दोन जाती आहेत: हातात हत्यार असलेला पाठलाग आणि नसलेला. ‘अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’ (२०१०) आणि ‘आउटलास्ट’ (२०१३) यांत लढायची सोयच नाही, पळायचं किंवा लपायचं. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’मध्ये माणसं अंगावर येतात, पण तुमच्याकडे बंदूक असते. वरवर सारख्या भासणाऱ्या या दोन गोष्टी खेळताना अगदी वेगळ्या लागतात. हत्यार हातात असलं की भीतीचं रूपांतर हिशेबात होतं: गोळ्या किती उरल्या, दार कुठल्या बाजूला.

मग वातावरणाची भीती. १९९९चा पहिला ‘सायलेंट हिल’ बघा. त्यातलं प्रसिद्ध धुकं आलं ते त्या वेळच्या प्लेस्टेशनला लांबवरचा रस्ता दाखवणं झेपत नव्हतं म्हणून. अडचणीतून काढलेली ती पळवाट आज त्या मालिकेची ओळख आहे. अशा गेममध्ये बराच काळ काही घडत नाही आणि तरी मान अवघडते. किळस हा आणखी वेगळा प्रकार. ‘डेड स्पेस’मध्ये शत्रूचे हातपाय तोडल्याशिवाय तो पुरता मरत नाही, त्यामुळे जेवणाआधी तो खेळू नये. आणि शेवटचा प्रकार विषयाचा. ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ (२०१७) दिसायला गोडगुलाबी, शाळेतल्या मुली, कविता. पण तो सुरू होतानाच इशारा देतो की हा लहान मुलांसाठी किंवा सहज अस्वस्थ होणाऱ्यांसाठी नाही. तो इशारा खरा मानावा. आत्महत्येचा विषय ज्यांच्या घरापर्यंत येऊन गेला आहे, त्यांनी तर तिकडे फिरकूच नये.

आता स्वतःची उलटतपासणी करा. गेम उघडायची गरज नाही. लहानपणी कोणत्या गोष्टीसाठी आईला सोबत न्यायचात? भुताचे सिनेमे बघताना डोळे झाकता की कान? (कान झाकणारे बरेच असतात आणि ते माझे लाडके प्रेक्षक.) मला रक्ताचं काही वाटत नाही, भुताखेताचंही नाही. मला छळतात ती वरच्या मजल्यावरची पावलं.

म्हणूनच ‘रेसिडेंट ईव्हिल २’ची २०१९ची नवी आवृत्ती माझ्यासाठी कसोटीची ठरली. त्यात पोलीस ठाण्याच्या इमारतीत एक टोपीवाला धिप्पाड इसम तुमच्या मागे लागतो, मिस्टर एक्स. पहिल्यांदा येतो तोच जळून पडलेल्या हेलिकॉप्टरचा सांगाडा उचलून बाजूला सारत. त्याला मारता येत नाही. भरपूर गोळ्या घातल्या तर गुडघ्यावर बसतो, थोड्या वेळाने उठून पुन्हा चालू लागतो. धावत नाही, हे लक्षात घ्या. ढांगा टाकत चालतो आणि त्याचे बूट ऐकू येतात. तो भिंतीपलीकडे असेल तर आवाज दबका, त्याच दालनात आला की खणखणीत. वरच्या मजल्यावर असेल तर डोक्यावर ठोके पडल्यासारखे. धंद्याची म्हणून मला त्या ध्वनिरचनेचं इतकं कौतुक वाटलं, की मी गेममधल्या त्या ठाण्यातल्या ग्रंथालयाच्या दालनात नुसती उभी राहून तो कुठे आहे ते कानांनी ओळखायचा खेळ करत बसले. तळहात घामाने चिकट झाले होते, पण भीती कामाला लागली होती. जी गोष्ट तुम्हाला सर्वांत जास्त घाबरवते तिच्यात माहिती दडलेली असेल, तर ती माहिती वापरायला शिका. पावलं म्हणजे शत्रूचा पत्ता.

बटणं आपल्या हातात असतात

हॉरर गेम रात्री, अंधारात, हेडफोन लावूनच खेळायचा, असं पोरं सांगतात. त्यांना सांगू दे. पहिल्यांदा दुपारी खेळा, पडदे उघडे ठेवा, आवाज स्पीकरवर ठेवा. घरात कुणाचा तरी कुकर वाजत असला तर उत्तमच. गेमच्या सुरुवातीला ‘हे चिन्ह जेमतेम दिसेल इतपत उजेड ठेवा’ अशी सूचना येते. त्याहून दोन घरं जास्त ठेवा. गेम बनवणाऱ्यांची अंधाराची कल्पना आणि तुमच्या लॅपटॉपचा पडदा यांचं फारसं जमत नाही, आणि काहीच न दिसणं याला भीती म्हणत नाहीत, वैताग म्हणतात.

आवाजाच्या सेटिंगमध्ये संगीत आणि इतर आवाज बहुतेक वेळा वेगवेगळे कमीजास्त करता येतात. फार तणाव येत असेल तर आधी संगीत खाली आणा. शत्रू जवळ आल्याची सूचना आणि छातीवरचं दडपण यांतलं बरंचसं काम संगीतच करत असतं. सबटायटल चालू ठेवा. काही गेममध्ये बारीक आवाजाचंही वर्णन लिहून येतं, म्हणजे कानांवर सगळा भार पडत नाही. नाटकाच्या मिक्सरवर मी एका वेळी एकच फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची पट्टी, वर सरकवते, तसंच इथेही करा: आज हेडफोन लावलात तर खोलीतला दिवा चालू राहू दे. दोन्ही एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

आता खास सोयींकडे या, कारण लोकांना त्या माहीतच नसतात. ‘सोमा’ हा समुद्राच्या तळाशी घडणारा गेम २०१५मध्ये आला, तेव्हा कितीतरी लोकांना गोष्ट आवडली पण राक्षस नकोसे झाले. २०१७च्या अखेरीस बनवणाऱ्यांनी त्यात ‘सेफ मोड’ घातला. त्यात राक्षस असतात, पण तुमचा जीव घेत नाहीत. ‘ग्राउंडेड’मध्ये तुम्ही मुंगीएवढे होऊन अंगणात हिंडता. त्यात कोळ्यांना घाबरणाऱ्यांसाठी वेगळं सेटिंग आहे. ते वाढवत नेलं की कोळ्याचे पाय गायब होत जातात आणि शेवटी नुसता गोळा उरतो. ‘लीथल कंपनी’ने तर कहर केला: ते सेटिंग लावलं की कोळ्याच्या जागी चक्क कोळी या अर्थाचा इंग्रजी शब्द चालत येतो. ‘आउटर वाइल्ड्स’च्या २०२१च्या पुरवणी भागात भीती कमी करण्याचा पर्याय आहे. हे वापरण्यात कमीपणा कसला? तिखट कमी घालून मागवलेली मिसळही मिसळच असते, आणि पैसे तुम्हीच दिलेले असतात.

एक गोष्ट मात्र भीतीपासून वेगळी काढा: मळमळ. पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या गेममध्ये अनेकांना गाडी लागल्यासारखं होतं. डोकं जड, तोंडाला पाणी, घाम. आणि मग ती मंडळी ‘हॉरर आपल्या बसकी बात नाही’ म्हणून मोकळी होतात. आधी सेटिंगमध्ये जाऊन दृष्टीचा कोन, म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू, वाढवा. मोशन ब्लर, म्हणजे हलताना चित्र धूसर होणं, बंद करा. चालताना कॅमेरा हिंदकळण्याचा पर्याय असेल तर तोही बंद करा. पडद्यापासून थोडं लांब बसा. तरीही होत असेल तर बाजूने दिसणारे गेम घ्या: ‘लिंबो’ (२०१०), ‘लिटल नाइटमेअर्स’ (२०१७). दोन्ही फोनवरही मिळतात. फक्त कोळ्यांना घाबरत असाल तर ‘लिंबो’ नको, त्यात सुरुवातीलाच एक भलामोठा आहे.

पैसे घालण्याआधी

फुकटचे डेमो बघा. ‘रेसिडेंट ईव्हिल ७’चा डेमो अजून चांगला मापदंड आहे: एक पडकं घर, अंधार, आणि तुम्ही. डेमो नसेल तर स्टीमवर (संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान) घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो, पैसे परत मिळतात. हे २ तास मेनूत घोळ घालण्यात घालवू नका. कुणीतरी खेळलेला व्हिडिओ बघितलात तरी चालेल, पण पहिली पंधरा-वीस मिनिटंच. दुसरा खेळताना बघणं फार सोपं असतं. दार उघडायचा निर्णय आपल्याला घ्यावा लागला की खरी परीक्षा.

बैठक छोटी ठेवा, आणि थांबायची जागा आधी ठरवा. बऱ्याच गेममध्ये सुरक्षित खोली असते, तिथे पोचलात की सेव्ह करून उठा. पाठलागाच्या मध्येच घाबरून लॅपटॉप मिटलात तर डोक्यात तो पाठलाग रात्रभर चालू राहतो. ‘एलियन: आयसोलेशन’ (२०१४) याबाबतीत निर्दयी आहे. त्यात सेव्ह करायलाच काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो प्राणी मागून येऊन तुम्हाला संपवू शकतो. तो माझ्या मते पहिला गेम नव्हे, पाचवा-सहावा असावा.

खेळताना अंगाकडे लक्ष द्या. खांदे कानांपर्यंत चढलेत का, दात आवळलेत का, श्वास रोखून धरलाय का? तिन्ही एकदम दिसलं तर पॉज करून पाणी प्या. खरा निकाल दुसऱ्या दिवशी लागतो. सकाळी चहा घेताना त्या गेमबद्दल कुणाला तरी सांगावंसं वाटतंय का? मग ती तुमच्या पचनी पडणारी भीती आहे. त्याचं नाव काढलं तरी नको वाटतंय, झोप मोडली, अंधाऱ्या पॅसेजमधून जाताना पाय अडखळतोय, तर तो गेम सध्या बाजूला. एकदा थांबलात म्हणून कायमचं थांबायला हवं असं नाही. हळूहळू भीड चेपते, पण ती जबरदस्तीने चेपत नाही.

ज्यांना थेट हॉररमध्ये उडी नको, त्यांनी दुसऱ्याच प्रकारच्या गेमच्या मागच्या दाराने यावं. ‘ड्रेज’ (२०२३) हा मासेमारीचा गेम आहे. दिवसा मासे धरा, विका, होडी सुधारा. रात्र पडली की समुद्राचं रूप पालटतं, आणि बंदरात परतायचं की नाही ते तुम्ही ठरवता. ‘सबनॉटिका’ परग्रहावरच्या समुद्रात तगून राहण्याचा गेम, नावाला हॉरर नाही. पण खोल पाण्यात लांबून ती डरकाळी ऐकू आली की भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. आणि माझा आवडता ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८): १८०७ साली परत आलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं एक बेवारस जहाज, विम्याचा निरीक्षक म्हणून तुम्ही, आणि ६० माणसांचं काय झालं ते शोधायचं. प्रेतं भरपूर, पण सगळी थिजलेली. तुमच्या मागे कुणी लागत नाही. खलाशांत काही हिंदुस्थानीही आहेत, त्यांची नावं लावताना आपल्याला जरा जास्तच रस येतो.

नव्या प्रकारात पहिली बैठक फक्त बटणं ओळखण्यासाठी ठेवा. कुठलं बटण काय करतं हे न कळण्याची घालमेल भीतीसारखीच लागते आणि मत बनवून टाकते. हॉरर आणि नवखा प्रकार दोन्ही एकदम घेऊ नका. कधी कंट्रोलर न धरलेल्याने थेट ‘ब्लडबोर्न’सारखा महाकठीण हॉरर गेम घेणं म्हणजे हाल करून घेणं.

पोरांचं काय?

माझा भाचा आठवीत आहे. फोनवर ‘ग्रॅनी’ खेळतो. त्यात म्हातारीच्या घरातून पाच दिवसांत सुटायचं असतं, आणि हातातली वस्तू खाली पडली की ती आवाजाच्या दिशेने येते. त्याने मला विचारलं, “मावशी, तू खेळशील?” मी म्हटलं, आपण दोघं खेळू: फोन तुझ्याकडे, दारं-कपाटं लक्षात ठेवायचं काम माझ्याकडे. जोडीने खेळलं की भीती निम्मी होते आणि आरडाओरडा दुप्पट. म्हातारी मागे लागली तेव्हा तो उशीत तोंड खुपसून मला “तू बघ, तू बघ” म्हणत होता, आणि शाळेतल्या मित्रांना अर्थातच त्याने दुसरीच हकीकत सांगितली.

मुलांना गेम देण्याआधी प्ले स्टोअरवर १२+, १६+ असं वय लिहिलेलं असतं ते वाचा, आणि पहिली दहा मिनिटं स्वतः खेळा. मूल नको म्हणालं की तिथेच विषय संपवा. ‘भित्रा कुठला’ हे वाक्य घरात कुणी बोलत असेल तर आधी त्याच्या हातात फोन द्या.

आणि गेम जमला नाही तर अनइन्स्टॉल करताना जीव खालीवर करू नका. स्टीमवरच्या अनेक गेमची प्रगती क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवर साठवलेली, राहते. तसा आहे का, हे दुकानाच्या पानावर उजवीकडच्या यादीत लिहिलेलं असतं. सहा महिन्यांनी परत टाकलात तरी त्याच सुरक्षित खोलीतून सुरू करता येतं.